पान्तूचा चिखल आणि माझी कोरी वही

जपानच्या ओकिनावातल्या मियाको बेटावर शिमाजिरी गावात पान्तू, म्हणजे सोंगातले देव, येतात, त्या दिवशी मी पांढरा शर्ट घालून, कोरी वही घेऊन उभी होते. शुद्ध वेडेपणा. तीन पान्तू, तोंडावर मुखवटा, अंगाला वेली गुंडाळलेल्या आणि त्यावर गावच्या विहिरीतला काळा, कुजकट चिखल. दिसेल त्याला माखतात. नव्या घराला हटकून, तान्ह्या बाळालाही. त्यानं इडापिडा टळते म्हणतात. शर्ट टाकून दिला. वही आहे, पण खोलीबाहेर.

लोकधर्माचा अभ्यास करायला जपानला येऊ का, असं कुणी विचारलं की मी आधी पंचांग काढायला लावते. जपाननं १८७३ मध्ये इंग्रजी कॅलेंडर घेतलं, पण बेटांवरचे बरेच विधी अजून जुन्या तिथीवर चालतात. इथे आपण मराठी माणसं जरा फायद्यात! महिना अमावास्येपाशी सुरू होतो, अधिक महिनाही असतो. अकुसेकिजिमा या छोट्या बेटावरचा बोझे, हाही मुखवट्यातला देव, सातव्या महिन्याच्या १६ व्या दिवशी येतो, म्हणजे साधारण आपली वद्य प्रतिपदा. दिवस मात्र ऐन तायफूनचे, म्हणजे चक्रीवादळांचे. कागोशिमाहून बोट आठवड्यातून मोजक्याच वेळा सुटते. ती रद्द झाली की तुमचं वर्ष गेलं.

तोक्योत शिकलेली जपानी आजीआजोबांच्या मियाको बोलीपुढे लुळी पडते, हेही धरून चला. आणि ‘हे तर आपल्या शिमग्याच्या सोंगांसारखंच’ हे वाक्य निदान वर्षभर गिळा.

लोकसंस्कृतीचे जपानी अभ्यासक ओरिकुची शिनोबु यांचा ‘मारेबितो’, म्हणजे समुद्रापलीकडून येणारा पाहुणा देव, जरूर वाचा. पण तो सिद्ध करायला गावात जाऊ नका. २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत असे दहा विधी गेले, त्यांवर लिहिणारे पुष्कळ. ओकिनावातल्याच याएयामा बेटांवरचे अकामाता-कुरोमाता, असेच मुखवट्यातले देव, त्या यादीत नाहीत. तिथे फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही, बाहेर वाच्यता नाही. मी एका आजींना विचारलंच. त्यांनी चहा ओतला आणि यंदाच्या उसाबद्दल बोलू लागल्या. तासभर ऊस. माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शकांनी नंतर विचारलं, त्या प्रकरणात काय लिहिणार? प्रकरणच काढून टाकलं.