जुन्या बॅकअप सीडी-डीव्हीडींची यादी घरच्या घरी कशी करायची

पहिली सीडी ड्राइव्हमधे घालायच्या आधी घरातल्या सगळ्या डिस्क एका जागी गोळा करा आणि नुसत्या मोजा. आमच्याकडे माळ्यावरचे दोन खोके, टीव्हीखालचा ड्रॉवर, बाबांची ऑफिसची जुनी बॅग आणि सांगलीच्या काकांकडून आलेली एक पिशवी असं सगळं मिळून १८५ निघाल्या, ११२ सीडी आणि ७३ डीव्हीडी. आकडा यासाठी लागतो की जागेचा अंदाज येतो. सीडीत साधारण ७०० एमबी मावतं, डीव्हीडीत ४.७ जीबी, म्हणजे सगळ्या काठोकाठ भरल्यात असं धरलं तरी आमचा हिशोब ४२० जीबीच्या आसपास गेला. इतक्या वर्षांचं सगळं ५०० जीबीच्या एका हार्ड डिस्कमधे बसतंय हे कळल्यावर माझी अर्धी धास्ती तिथेच गेली.

आणि म्हणूनच माझं म्हणणं आहे की यादी करताना कॉपी पण त्याच फेरीत करून टाका. नंतर निवांत करू म्हणाल तर ती डिस्क नंतर वाचली जाईलच असं नाही, आणि १८५ डिस्क दोनदा आत-बाहेर करायचा उत्साह कोणालाच राहत नाही. हल्ली लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी रायटर घ्यावा लागतो, शक्य असेल तर ओळखीच्यांकडून दुसऱ्या कंपनीचा एक उसना पण आणून ठेवा. एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसऱ्याने सरळ वाचली असं आमच्याकडे बऱ्याचदा झालं.

नंबर घालताना त्यात अर्थ भरायला जाऊ नका. मी सुरुवातीला फोटोंना एक सिरीज, ऑफिसच्या कामाला दुसरी, गाण्यांना तिसरी असं चालू केलं आणि विसाव्या डिस्कला अडकले, कारण एकाच डीव्हीडीत भावाचा कॉलेजचा प्रोजेक्ट, गणपतीचे फोटो आणि बाबांची टॅक्सची फाइल असं सगळं एकत्र. तेव्हा सरळ सीडी-००१ पासून सुरू करायचं, हाताला जी लागेल तिला पुढचा नंबर, आणि एकदा दिलेला नंबर कधीच बदलायचा नाही. नंबर लिहायचा तो मधल्या भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यावर, पाण्याच्या शाईच्या मार्करने. बॉलपेन अजिबात नको. सीडीचा डेटा ज्या थरात असतो तो चकचकीत बाजूला नसतो, तो लेबलच्या बाजूला असतो आणि त्याच्यावर नुसता वार्निशसारखा पातळ मुलामा असतो, त्यामुळे वरून ओरखडा गेला की डेटाच गेला. डीव्हीडीत तो थर प्लॅस्टिकच्या दोन चकत्यांच्या मधे असतो म्हणून ती त्या बाबतीत जरा दणकट. वर कागदी स्टिकर चिकटवलेला असेल तर तो ओढून काढू नका, स्टिकरबरोबर थर पण निघून येतो. नवीन स्टिकर तर लावूच नका.

पुसायचं झालं तर मऊ सुती कापड, मधून कडेकडे सरळ रेषेत, गोल गोल नाही. कारण डेटाच गोल फिरत लिहिलेला असतो, गोल ओरखडा एकाच जागचं बरंच काही खातो तर आडव्या ओरखड्यातून ड्राइव्ह बऱ्याचदा निभावून नेतो. काकांच्या पिशवीतल्या डिस्क २०१९ च्या ऑगस्टच्या पुरात बुडालेल्या होत्या, कागदी पाकिटं चिकटलेली आणि वर कृष्णेच्या गाळाचा वाळलेला पापुद्रा. त्या कोरड्या कापडाने घासल्या असत्या तर संपल्याच असत्या, म्हणून बादलीत साध्या पाण्यात तासभर ठेवल्या, पाकीट आपोआप सुटलं, मग भांड्याच्या साबणाचा एक थेंब बोटावर घेऊन हलकेच धुतल्या, नळाखाली धरल्या आणि सावलीत उभ्या वाळवल्या. २३ पैकी १९ वाचल्या. मधल्या भोकापासून तडा गेलेली डिस्क मात्र ड्राइव्हमधे घालू नका, वेगात फिरताना आतच फुटते आणि ड्राइव्ह पण जातो.

आता प्रत्यक्ष वाचायचं काम. डिस्क घातली की आधी वहीत डिस्कवर हाताने जे लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवून घ्या, चुकीचं वाटलं तरी. मग कॉम्प्युटरमधे दिसणारं तिचं नाव, जे बऱ्याचदा 'न्यू' किंवा 'माय डिस्क' असलंच काहीतरी असतं, पण विंडोज एक्सपीने बनवलेल्या डिस्कला आपोआप त्या दिवसाची तारीख लागायची, आणि कधी कधी सगळ्या डिस्कमधे तेवढाच एक पुरावा हाताशी असतो. फाइलींची यादी हाताने लिहायची गरज नाही. व्हर्च्युअल व्हॉल्यूम्स व्ह्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, थोडक्यात व्हीव्हीव्ही, ते डिस्कवरच्या सगळ्या फोल्डर-फाइलींची नावं, साइज, तारखा स्वतःकडे साठवून ठेवतं आणि नंतर डिस्क नसली तरी त्यात शोधता येतं. प्रत्येक डिस्क साठवताना आपला नंबरच नाव म्हणून द्या. सॉफ्टवेअर नको असेल तर कमांड प्रॉम्प्टमधे डीआयआर कमांडला स्लॅश एस जोडून निकाल टेक्स्ट फाइलमधे घ्या, तेवढ्यानेही काम भागतं.

इथे एक फसगत होते. पूर्वी सीडी महाग वाटायची म्हणून लोक एकाच सीडीवर तीन-चार वेळा थोडं थोडं राइट करायचे, मल्टिसेशन म्हणायचे त्याला. नंतरचं राइट करताना आधीचं सेशन जोडून घ्यायचं राहिलं असेल तर विंडोजला फक्त शेवटचंच दिसतं. म्हणजे डिस्क उघडली, आत ४० एमबी दिसलं आणि आपण लिहिलं 'फारसं काही नाही', तर घात. डिस्क उलटी करून उजेडात धरा. लिहिलेला भाग आणि कोरा भाग यांचा रंग वेगळा दिसतो, आतून बाहेर किती भरलंय ते डोळ्यांनीच कळतं. भरलेला भाग मोठा आणि दिसणाऱ्या फाइली थोड्या असतील तर आयसोबस्टर नावाच्या सॉफ्टवेअरमधे उघडा, त्यात सगळी सेशन्स वेगवेगळी दिसतात. आमची ३१ नंबरची डिस्क अशीच होती, वर 'प्रिंटर ड्रायव्हर' लिहिलेली, आणि आधीच्या सेशनमधे वाडा पाडायच्या आधीचे १४ फोटो. मागच्या अंगणातलं तुळशीवृंदावन त्यातल्या एकाच फोटोत पूर्ण आलंय आणि दुसरीकडे कुठेच नाही.

आता फाइलींची नावं मिळाली म्हणजे यादी झाली असं समजू नका, खरं काम इथून सुरू होतं. लग्नाच्या व्हीसीडीत, म्हणजे व्हिडिओ भरलेल्या सीडीत, एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर असतं आणि आत एकच भली मोठी डॅट फाइल. डीव्हीडी असेल तर व्हिडिओ टीएस फोल्डर आणि आत साधारण एकेक जीबीचे व्हीओबी तुकडे. कोणाचंही लग्न असो, कोणाचंही बारसं असो, नावं हीच! व्हीव्हीव्हीमधे 'मुंज' शोधून काहीही सापडणार नाही. तेव्हा व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमधे ती फाइल लावायची आणि सुरुवात, मध्य, शेवट एकेक मिनिट बघून प्रसंग, साल, ठिकाण लिहायचं. एकेकच मिनिट हं, नाहीतर बघत बसलात की संध्याकाळ गेली. लग्नाच्या व्हीसीडी दोन किंवा तीनच्या सेटमधे यायच्या कारण एकीत ७४ ते ८० मिनिटंच मावायची, म्हणून '३ पैकी २' असंही लिहा, म्हणजे पहिली कुठे आहे ते शोधता येतं. व्हीसीडीवरच्या व्हिडिओला साध्या डेटासारखं जादा एरर करेक्शन, म्हणजे वाचताना झालेली चूक सुधारायची सोय, नसतं, त्या कॉपी होताना लवकर अडतात, म्हणून आधी त्या घ्या आणि डेटा सीडी मागे ठेवा.

ऑडिओ सीडीचा धोका तर याहून मोठा. आजोबांची कीर्तनं कॅसेटवरून सीडीवर घेतलेली होती. डिस्क उघडली की ट्रॅक ०१, ट्रॅक ०२ अशा सीडीए फाइली दिसतात, एक-एक केबीच्या. त्या हार्ड डिस्कवर ओढून टाकल्या तर कॉपी झाल्यासारखं वाटतं पण त्यात आवाज नसतोच, कुठला ट्रॅक डिस्कवर कुठे आहे याच्या त्या नुसत्या खुणा असतात. आमच्या घरात हे एकदा झालेलं आहे, 'कॉपी केलीय' म्हणून मूळ सीडी नातेवाइकांकडे दिली गेली आणि आता ती मिळत नाही. ऑडिओ सीडी रिप करावी लागते, म्हणजे सॉफ्टवेअरने आवाज वाचून त्याची फाइल बनवून घ्यावी लागते, विंडोज मीडिया प्लेयरमधेही ती सोय आहे, आणि झाल्यावर एक तरी ट्रॅक पूर्ण ऐकून मगच यादीत 'कॉपी झाली' लिहा.

मराठी कागदपत्रांचं आणखी वेगळं. युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर मराठी सारखंच दिसायची पद्धत, रुळायच्या आधी श्रीलिपी, कृतीदेव असले फॉन्ट वापरून टायपिंग व्हायचं, त्या फाइली आज उघडल्या तर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. खराब झाली म्हणून पुसू नका, मजकूर शाबूत असतो, फक्त फॉन्ट नसतो. यादीत 'जुना फॉन्ट' अशी खूण करा, आणि त्याच काळातल्या दुसऱ्या एखाद्या डिस्कवर फॉन्टचं फोल्डर मिळालं तर तिचा नंबर शेजारी लिहा. बाबांनी पेजमेकरमधे केलेली सोसायटीची अहवाल-पुस्तिका अशीच परत वाचता आली.

एक्सेलमधे मी ठेवलेले रकाने असे: नंबर, प्रकार, वर लिहिलेलं, आतलं नाव, तारीख, काय आहे, कोण कोण आहे, अवस्था, कॉपी कुठे, मूळ डिस्क कुठल्या खोक्यात. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा म्हणजे क्रमाने लावता येते, आणि तो रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवा, नाहीतर एक्सेल स्वतःच्या मनाने तारखा बदलतं. कॅमेऱ्याच्या तारखेवर डोळे झाकून विश्वास नको, बॅटरी काढली की जुने कॅमेरे पहिल्या तारखेवर जायचे, आमच्याकडे एक आख्खी दिवाळी १ जानेवारीची आहे. शब्द पण एकच ठरवा. मुंज, मौंज, व्रतबंध असं तीन प्रकारे लिहिलंत तर शोधताना तीनदा शोधावं लागेल.

आणि 'कोण कोण' या रकान्यात कृपा करून नुसतं काकू, आत्या, मामा लिहू नका. माझी आत्या ती माझ्या मुलीची कोण? तिने वीस वर्षांनी ही यादी उघडली तर तिला काय कळणार. पूर्ण नाव, माहेरचं नाव माहीत असेल तर तेही, आणि पुढे 'अमुकची बहीण' असं नातं. हे काम एकटीने होत नाही. मी दर रविवारी दुपारी लॅपटॉप टीव्हीला जोडायचे आणि आजीला पंधरा-वीस फोटो दाखवायचे, त्याहून जास्त नाही, ती दमते. फोन शेजारी रेकॉर्डिंगला लावून ठेवायचा. एका पंगतीच्या फोटोत वाढणारी बाई कोण ते आईला पण माहीत नव्हतं, आजीने चेहरा नीट दिसत नसताना नुसत्या पदर खोचण्यावरून ओळखलं, 'अगं ही तर पाटणकरांकडची, मिठाचं वाढप हिच्याकडेच असायचं'. हे कुठल्याही सॉफ्टवेअरला सापडणार नाही, म्हणून घरातलं वयाने मोठं माणूस ज्या डिस्क ओळखू शकेल त्या आधी घ्या. गाणी, सॉफ्टवेअर, कॉलेजच्या नोट्स नंतर झाल्या तरी चालतात, त्यातली सॉफ्टवेअर तर एका ओळीत उरका.

नमुन्यादाखल माझ्या यादीतली एक ओळ: सीडी-०४७, व्हीसीडी, वर लिहिलेलं 'लग्न २', आतलं नाव काही नाही, २००३-०५, विद्याताईचं लग्न, सांगली, ३ पैकी २, मंगलाष्टकं आणि पंगत, शेवटची सहा मिनिटं अडकतात, कॉपी हार्ड डिस्क १, मूळ खोका ब.

न वाचलेल्या डिस्क पण यादीत नंबरासकट घ्या आणि 'वाचली नाही, दोन ड्राइव्हवर बघितली' असं लिहून वेगळ्या पाकिटात ठेवा, फेकू नका. डीडीरेस्क्यू नावाचं लिनक्सवरचं सॉफ्टवेअर अडलेला भाग सोडून पुढचं आधी वाचतं आणि मग मागे येऊन पुन्हा प्रयत्न करतं, आमच्या ११ अडलेल्यांपैकी ४ त्याने बऱ्यापैकी निघाल्या. दिवसाला पंधराच्या वर डिस्क घेऊ नका, ड्राइव्ह तापतो आणि आपलं लक्षही सुटतं.

झाल्यावर डिस्क उभ्या ठेवा, माळ्यावर परत नाही, तिथे उन्हाळ्यात भट्टी असते आणि पावसाळ्यात दमट होऊन पांढरी बुरशी धरते. कपाटाचा मधला कप्पा बरा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून. हार्ड डिस्कची दुसरी प्रत काढून भावाकडे किंवा बहिणीकडे दुसऱ्या घरी ठेवा. यादीची एक्सेल सगळ्या भावंडांना पाठवा, आणि एक प्रिंट काढून प्रत्येक खोक्याच्या झाकणाला आतून लावा, त्या खोक्यातल्या नंबरांपुरती.