अनोळखी जिवाणूची ओळख कशी पटवावी: नदीच्या नमुन्यापासून नावापर्यंत

सांगलीपासून जवळच, हरिपूरला, वारणा कृष्णेला येऊन मिळते. माझ्याकडे प्रकल्पासाठी येणारे मायक्रोबायोलॉजीचे विद्यार्थी पाण्याचा पहिला नमुना बहुधा याच संगमावरून आणतात, आणि बाटली टेबलावर ठेवताच विचारतात की या पाण्यात कोणता जिवाणू आहे. नदीच्या पाण्यात एक जिवाणू कधीच नसतो, अनेक प्रकारचे असतात. प्रयोगशाळेतील चाचण्या एका वेळी एकाच जिवाणूविषयी बोलतात, आणि तोही शुद्ध स्वरूपात हाती असेल तरच. म्हणून पुढे जे लिहिले आहे त्यातील निम्मे काम नावाचे नसून, ज्याला नाव द्यायचे तो जिवाणू एकटा वेगळा काढण्याचे आहे.

त्याआधी सुरक्षिततेची गोष्ट. ज्याचे नाव माहीत नाही तो रोगकारक असू शकतो असे धरूनच त्याला हाताळावे. एप्रन आणि हातमोजे घालावेत, प्लेट उघडून वास घेऊ नये, तोंडाने पिपेट ओढू नये आणि प्रत्येक वापरानंतर लूप (जिवाणू उचलण्याची तारेची कडी) लाल होईपर्यंत तापवावा. हे काम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे, घरी करू नये.

नमुना आणि शुद्ध कल्चर

निर्जंतुक बाटलीचे तोंड पाणी येते त्या दिशेला ठेवून, पृष्ठभागाच्या थोडे खालून पाणी घ्यावे. बाटली काठोकाठ भरू नये, कारण पाणी नीट हलवता येईल एवढी जागा वर राहावी लागते. नळाचे पाणी असेल तर त्यातील क्लोरीन निष्प्रभ करण्यासाठी बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट घालावे लागते. नमुना बर्फाच्या डब्यातून आणावा आणि शक्यतो सहा तासांच्या आत लावावा. उन्हाळ्यात दुपारी गाडीच्या डिकीत बाटली तशीच ठेवली, तर प्रयोगशाळेत पोहोचते ते नदीचे पाणी राहिलेले नसते. त्यातील काही जिवाणू भराभर वाढलेले असतात आणि काही मेलेले असतात.

नमुन्याची दहापट, शंभरपट, हजारपट अशी विरलने करून प्रत्येकातील ०.१ मिलिलिटर न्यूट्रिएंट अगर (साधे घट्ट माध्यम) आणि मॅकॉन्की अगर (काही जिवाणूंनाच वाढू देणारे माध्यम) या दोन्ही प्लेटांवर पसरावे. दुसऱ्या दिवशी सुट्या वाढलेल्या कॉलन्यांपैकी (जिवाणूंच्या दिसणाऱ्या ठिपक्यांपैकी) एक निवडून तिचा आकार, कडा, उंचवटा, चकाकी, रंग आणि लूपला ती कशी चिकटते हे सारे वहीत लिहावे. मग ती कॉलनी नव्या प्लेटवर चार भागांत स्ट्रीक करावी, म्हणजे लूपने रेघा ओढून पसरावी, त्यातील सुटी कॉलनी घेऊन पुन्हा एकदा स्ट्रीक करावी, आणि सगळ्या कॉलन्या सारख्या दिसल्या तरच ती स्लँटवर (नळीतील तिरक्या माध्यमावर) उतरवावी. मॅकॉन्कीवरून कॉलनी उचलली असेल तर दुसरा स्ट्रीक न्यूट्रिएंट अगरवरच करावा. मॅकॉन्कीतील पित्तक्षार आणि क्रिस्टल व्हायोलेट काही जिवाणूंना केवळ दाबून ठेवतात, मारत नाहीत. अशा प्लेटवर एकटी दिसणारी कॉलनी साध्या माध्यमावर दोन निघते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

हा दुसरा स्ट्रीक विद्यार्थ्यांना वेळेचा अपव्यय वाटतो. माझ्या स्वतःच्या पदव्युत्तर अभ्यासात मी तो एकदा टाळला आणि पुढचे तीन आठवडे एकमेकांशी न जुळणारे निष्कर्ष वहीत भरत बसलो. एक चाचणी एका कुळाकडे बोट दाखवत होती, दुसरी अगदी वेगळ्या. शेवटी ग्राम स्टेनिंग पुन्हा केले तेव्हा त्याच स्लाइडवर दोन प्रकारचे जिवाणू दिसले. मिश्र कल्चरवरची चाचणी चुकीचे उत्तर देत नाही, ती दोघांचे मिळून एक उत्तर देते, आणि तसा जिवाणू कोठेही नसतो.

ग्राम स्टेनिंग

हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी ही पद्धत १८८४ मध्ये प्रसिद्ध केली आणि आजही ओळखीची पहिली पायरी तीच आहे. स्लाइडवर जिवाणूंचा पातळ थर, म्हणजे स्मिअर, करून हवेत वाळवावा, ज्योतीवरून झटपट फिरवून स्थिर करावा, मग क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, ग्रामचे आयोडीन एक मिनिट, त्यानंतर ९५ टक्के अल्कोहोल आणि शेवटी सॅफ्रानिन सुमारे अर्धा ते एक मिनिट. ग्राम पॉझिटिव्ह जिवाणूंची पेप्टिडोग्लायकनची भिंत जाड असल्यामुळे जांभळा रंग आत अडकून राहतो. ग्राम निगेटिव्हांचे बाह्य आवरण अल्कोहोलने विरघळते, पातळ भिंतीतून रंग निघून जातो आणि ते सॅफ्रानिनचा गुलाबी रंग घेतात.

चूक होते ती जवळजवळ नेहमी अल्कोहोलच्या पायरीवर. स्मिअर जाड असेल तर रंग निघत नाही, हात रेंगाळला तर ग्राम पॉझिटिव्हही गुलाबी होतात. यावर एक खात्रीचा उपाय आहे: एकाच स्लाइडवर तीन स्मिअर करावेत, मध्ये अनोळखी जिवाणू, एका बाजूला माहीत असलेला स्टॅफिलोकोकस आणि दुसऱ्या बाजूला ई. कोलाय. दोन्ही ओळखीचे जिवाणू अपेक्षित रंगाचे दिसले तरच मधल्याचे निरीक्षण लिहावे. कल्चर १८ ते २४ तासांचे असावे, कारण जुन्या कल्चरमधील बॅसिलस बऱ्याचदा गुलाबी दिसतो. शंका राहिलीच तर ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात कॉलनी मिसळून लूप हळूहळू वर उचलावा. मिनिटभरात चिकट तार निघाली तर जिवाणू ग्राम निगेटिव्ह आहे असे मानायला चांगला आधार मिळतो.

कॅटालेज आणि ऑक्सिडेज

जिवाणूत ही दोन विकरे (एन्झाइम) आहेत का, हे पाहणाऱ्या या दोन चाचण्यांना मिळून पाच मिनिटेही लागत नाहीत, पण पुढचा सारा रस्ता त्या ठरवतात. स्लाइडवर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब घेऊन त्यात लाकडी काडीने कॉलनी मिसळावी, लगेच बुडबुडे आले तर कॅटालेज पॉझिटिव्ह. ब्लड अगरवरची कॉलनी यासाठी घेऊ नये, कारण तांबड्या पेशींमध्ये स्वतःचे कॅटालेज असते. पेरॉक्साइड उष्णतेने लवकर निकामी होते, तेव्हा आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाटली फ्रिजमध्ये ठेवावी आणि दररोज आधी स्टॅफिलोकोकसवर तपासून घ्यावी.

ऑक्सिडेजसाठी फिल्टर पेपरवर एक टक्का टेट्रामिथाइल पॅराफिनिलिनडायअमिन डायहायड्रोक्लोराइडचे ताजे द्रावण टाकून त्यावर कॉलनी घासावी. दहा सेकंदांत गडद जांभळा रंग आला तर चाचणी पॉझिटिव्ह. मिनिटानंतर येणारा रंग जमेस धरू नये, कारण हे द्रावण हवेमुळे आपोआपही जांभळे होते. निक्रोमचा लूप वापरू नये, त्यातील लोहामुळे खोटा रंग येतो. मॅकॉन्कीवरची कॉलनीही घेऊ नये, शर्करेपासून तयार झालेले आम्ल ही क्रिया बिघडवते.

वाट कोठे फुटते

ग्राम पॉझिटिव्ह गोल जिवाणू असतील तर कॅटालेजवरून स्टॅफिलोकोकसचा गट स्ट्रेप्टोकोकसपासून वेगळा होतो, आणि मग सशाच्या प्लाझ्मातील कोआग्युलेज चाचणी स्टॅफिलोकोकस ऑरियसकडे नेते. तिचे वाचन चार तासांनी करायलाच हवे, कारण काही वाणांचे (एकाच जातीतील उपप्रकारांचे) विकर तयार झालेली गुठळी नंतर विरघळवून टाकते. ग्राम पॉझिटिव्ह दंडाकार जिवाणूत बीजाणू दिसले तर बॅसिलसचा विचार करावा.

नदीच्या नमुन्यातून मात्र बहुतेक वेळा ग्राम निगेटिव्ह दंडाकार जिवाणूच हाती येतात. ऑक्सिडेज निगेटिव्ह आला आणि जिवाणू ग्लुकोज आंबवत असेल, तर आतड्यातील जिवाणूंच्या मोठ्या गटाकडे वळावे आणि इंडोल, मिथाइल रेड, व्होजेस-प्रोस्काउअर व सायट्रेट या चार चाचण्या कराव्यात. ई. कोलाय पहिल्या दोन पॉझिटिव्ह आणि शेवटच्या दोन निगेटिव्ह देतो, क्लेब्सिएला न्यूमोनिए याच्या नेमके उलट. ट्रिपल शुगर आयर्न अगरचे (तीन शर्करा असलेल्या स्लँटचे) वाचन १८ ते २४ तासांच्या दरम्यानच करावे. लवकर पाहिले तर केवळ ग्लुकोज आंबवणाऱ्याचाही वरचा भाग पिवळा दिसतो, उशीर झाला तर पिवळा झालेला भाग पुन्हा लाल होऊ शकतो. सायट्रेटच्या स्लँटवर अगदी थोडेच कल्चर लावावे. भरपूर लावले तर मेलेल्या पेशींवरच बाकीचे जगतात आणि वाढ झाल्याचा भास होतो.

आता एका प्रत्यक्ष उदाहरणाने सगळे जोडून पाहू. संगमाच्या पाण्यातून मॅकॉन्कीवर फिकट, रंगहीन कॉलनी आली. ती शुद्ध केली. ग्राम निगेटिव्ह दंडाकार, सूक्ष्मदर्शकाखाली लटकत्या थेंबात वेगाने फिरणारे, कॅटालेज पॉझिटिव्ह आणि ऑक्सिडेज पॉझिटिव्ह जिवाणू दिसले. ऑक्सिडेजमुळे ई. कोलाय, क्लेब्सिएला आणि त्यांचे बहुतेक भाऊबंद एका झटक्यात बाद झाले. अनेक विद्यार्थी येथेच ‘स्यूडोमोनास’ असे लिहून मोकळे होतात, आणि तेथेच चुकतात. ह्यू आणि लेइफसन यांनी १९५३ मध्ये मांडलेली ऑक्सिडेशन-फर्मेंटेशन चाचणी आता करायलाच हवी. ग्लुकोज असलेल्या दोन नळ्यांत कल्चर टोचून एकीवर निर्जंतुक पॅराफिन तेलाचा थर द्यावा. केवळ उघडी नळी पिवळी झाली तर जिवाणू हवेच्या साहाय्यानेच ग्लुकोज वापरतो, जसा स्यूडोमोनास. आपल्या उदाहरणात दोन्ही नळ्या पिवळ्या झाल्या. म्हणजे तो आंबवणारा आहे, आणि स्यूडोमोनासही बाद झाला.

आता मुख्यतः तीन नावे उरतात: एरोमोनास, व्हिब्रिओ आणि प्लेसिओमोनास. प्लेसिओमोनास इनोसिटॉलपासून आम्ल तयार करतो, एरोमोनास करत नाही. व्हिब्रिओची कॉलनी ०.५ टक्के सोडियम डिऑक्सिकोलेटमध्ये मिसळली की पेशी फुटून तार निघते, एरोमोनासची सहसा निघत नाही. ओ/१२९ या पदार्थाची १५० मायक्रोग्रॅमची डिस्क लावली तर एरोमोनास तिला दाद देत नाही आणि व्हिब्रिओ बहुधा थांबतो. परंतु या डिस्कला न जुमानणारे व्हिब्रिओ कॉलेरीही (कॉलऱ्याचे जंतूही) आढळलेले आहेत, म्हणून केवळ तिच्यावर विसंबून राहू नये. मिठाशिवाय चांगली वाढ आणि ६ टक्के मिठात वाढ नाही, हा एरोमोनासचा आणखी एक पुरावा. तार निघाली आणि व्हिब्रिओचा संशय आला, तर पुढचे काम थांबवून शिक्षकांना सांगावे आणि कल्चर वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेकडे सोपवावे. कॉलऱ्याच्या जंतूची शंका हा विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकाचा विषय नाही.

जिलेटिन आणि आपले हवामान

एरोमोनासचा अभ्यास करताना जिलेटिन द्रवीकरणाची चाचणी येतेच. जिलेटिन साधारण २८ अंश सेल्सिअसच्या वर आपोआपच वितळते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या आसपास असताना टेबलावरची प्रत्येक नळी पातळच असणार, त्यात जिवाणू असो वा नसो. म्हणून उबवण झाल्यावर नळ्या अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाव्यात, सोबत कल्चर न टोचलेली एक नळी ठेवावी, आणि ती घट्ट झाल्यावरही आपली नळी पातळ राहिली तरच पॉझिटिव्ह लिहावे. परदेशी पुस्तकात ‘खोलीचे तापमान’ असे लिहिलेले असते तेथे थर्मामीटर लावून अंश लिहिण्याची सवय ठेवावी. उबवण चालू असताना वीज गेली असेल तर किती वेळ गेली होती, हेही वहीत आले पाहिजे.

तक्ता वाचणे आणि नाव लिहिणे

जिवाणू ओळखण्यासाठीच्या बर्जी यांच्या संहितेची पहिली आवृत्ती १९२३ मध्ये निघाली, आणि तिच्या परंपरेतील तक्ते आजही वापरात आहेत. या तक्त्यांतील अधिक चिन्हाचा अर्थ त्या जातीचे ९० टक्के किंवा त्याहून जास्त वाण ती चाचणी पॉझिटिव्ह देतात एवढाच असतो. तेव्हा एक निष्कर्ष जुळला नाही म्हणून नाव लगेच सोडू नये, आणि तो जुळावा म्हणून वहीतील निरीक्षण तर मुळीच बदलू नये. न जुळणारी चाचणी ताज्या कल्चरवर, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोलसह (उत्तर आधीच माहीत असलेल्या कल्चरसह) पुन्हा करावी; दुसऱ्यांदाही तेच आले तर तसेच नोंदवावे. नाव मनात आधी धरून चाचण्या वाचणारा विद्यार्थी फिकट गुलाबीलाही लाल म्हणू लागतो, म्हणून मी निष्कर्षाचे पान भरेपर्यंत तक्ता उघडूच देत नाही.

सुमारे १,५०० बेसांच्या (डीएनएतील अक्षरांच्या) १६ एस आरआरएनए जनुकाचा क्रम काढून घेण्याची सोय आता सहज मिळते, आणि वंश ठरवायला ती उत्तम आहे. तरीही या जनुकावरून ई. कोलाय आणि शिगेला वेगळे ओळखता येत नाहीत, आणि एरोमोनासच्या अनेक जातीही एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की त्यांच्यासाठी जायरबी किंवा आरपीओडी यांसारखी दुसरी जनुके पाहावी लागतात. आपल्या उदाहरणातील जिवाणूने एस्क्युलिनचे विघटन केले, ग्लुकोजपासून वायू सोडला आणि व्होजेस-प्रोस्काउअर पॉझिटिव्ह दिला, तर तो एरोमोनास हायड्रोफिलाकडे झुकतो. तरी अहवालात ‘एरोमोनास, बहुधा हायड्रोफिला गट’ असेच लिहावे. केलेल्या चाचण्यांचा आधार तेवढ्याच नावाला आहे.

अहवालात नमुन्याची जागा, तारीख, वेळ, पाण्याचे तापमान, कल्चरचा क्रमांक, प्रत्येक चाचणीचे माध्यम, उबवणीचे तास आणि कंट्रोलचे निष्कर्ष लिहावेत. शुद्ध कल्चर १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवावे आणि कुपीवर तोच क्रमांक न पुसल्या जाणाऱ्या शाईने लिहावा. राहिलेल्या प्लेटा, नळ्या आणि काड्या १२१ अंश सेल्सिअसला, १५ पौंड दाबाखाली ऑटोक्लेव्ह कराव्यात, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक कराव्यात. गच्च भरलेल्या पिशवीच्या मध्यापर्यंत वाफ लवकर पोहोचत नाही, म्हणून पिशवी सैल भरावी, तोंड घट्ट बांधू नये आणि माध्यमाला पुरणाऱ्या पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ द्यावा. त्यानंतरच ती टाकाऊ म्हणून प्रयोगशाळेबाहेर जाऊ द्यावी.