सोलापुरात आपलं घर भूकंपाच्या नजरेने कसं तपासावं

1993 च्या विसर्जनाची रात्र. मिरवणुका आटोपून लोक नुकते आडवे झाले होते. 30 सप्टेंबरच्या पहाटे, चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारी हादरली आणि सोलापुरात मांडण्यांवरची भांडी वाजू लागली. माणसं चादरी गुंडाळून रस्त्यावर आली. दिवस उजाडल्यावर जखमींना घेऊन गाड्या इथल्या दवाखान्यांकडे लागल्या, तेव्हा कुठे काय झालंय ते कळलं.

भूकंप 6.2 तीव्रतेचा होता. जगाच्या हिशेबात मध्यमच, तरी दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. कारण डोक्यावर होतं. मातीत रचलेल्या अनघड दगडांच्या जाडजूड भिंती, वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छप्पर, आणि गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षं चढवलेले मातीचे थर. भिंत फुगून फुटली की ते सगळं ओझं झोपलेल्यांवर येतं. भूकंपाच्या नकाशाचं जे भारतीय मानक आहे, त्याच्या 2016 च्या आवृत्तीत सोलापूर झोन 3 मध्ये दाखवलं आहे, म्हणजे मध्यम धोका. घाबरून जाण्यासारखं नाही, पण एक रविवार घरासाठी काढावा एवढं नक्की.

सुरुवात गच्चीवरून करा. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड, म्हणून प्रत्येक गच्चीवर टाक्यांची रांग. हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजन झालं. आमच्या गच्चीवर मी मोजायला गेलो तर तीन टाक्या, एक फुटकं जातं, दोन पाटे आणि बाथरूमच्या कामातून उरलेल्या शहाबादी फरशा निघाल्या. फरशा तर बरोबर रस्त्याकडच्या कठड्यावर रचलेल्या! जातं-पाटे आणि फरशा त्याच दिवशी खाली उतरवल्या. जुन्या दगडी घरावर किंवा माळवदावर भरलेली टाकी ठेवूच नका. पक्क्या घरावर वापराची एकच टाकी वर, तीही खालून भिंतीचा आधार असेल तिथे. साठवणीचं पाणी जमिनीवर किंवा हौदात. भूकंपानंतर नळ बंद पडले तर हेच पाणी उपयोगी पडतं.

पत्र्याचं घर किंवा मागाचा कारखाना असेल तर पत्र्यावर नजर टाका. पत्रा मुळात हलका, म्हणून चांगला. पण वाऱ्याने उडू नये म्हणून आपण त्यावर दगड ठेवतो आणि हादऱ्यात तेच दगड खाली येतात. दगड काढा, पत्रे हुकने खालच्या लोखंडी नळीला आवळून घ्या.

माळवद असेल तर वरची जादा माती कमी करून घ्या. हे मात्र माहितगार गवंड्याकडून आणि थोडी थोडी. एका बाजूची सगळी माती काढली तर भार एकीकडे कलतो.

मग भिंती. इथे सोलापूरकराची एक अडचण आहे. काळ्या मातीवर बांधलेल्या घराला तडे नवे नाहीत. उन्हाळ्यात माती आकसते, पावसात फुगते आणि दरवर्षी भिंतीला एखादी रेघ पडतेच. त्यामुळे खरा धोक्याचा तडा आला तरी आपण गिलावा मारून मोकळे होतो. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. मधोमध प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ ठिपका लावा. दोन-तीन महिन्यांनी ठिपका चिरला किंवा तडा रेघेपुढे गेला, तर भिंत अजून हलते आहे. केसासारखी गिलाव्याची रेघ फारशी चिंतेची नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका गेलेला, आरपार दिसणारा तडा किंवा पोट पुढे काढलेली दगडी भिंत दिसली तर इंजिनिअरला बोलवा. अशा भिंतीत आरपार सळई घालून काँक्रीट भरता येतं आणि दारा-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना एक पट्टा बांधता येतो. किल्लारीनंतर मराठवाड्यातली, भूकंपात न पडलेली काही घरं अशीच मजबूत केली गेली.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर पार्किंगमध्ये जा. 2001 च्या भुजच्या भूकंपात अहमदाबाद केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटर दूर होतं, तरी तिथल्या कित्येक इमारती बसल्या. वर भिंतींनी भरलेले मजले आणि खाली नुसत्या खांबांवरचं पार्किंग, अशी त्यांतल्या अनेकींची रचना होती. सगळा ताण खालच्या खांबांवर येतो. म्हणून खांबांना तडे आहेत का, काँक्रीट सुटून गंजलेली सळई दिसते का ते बघा. पाइप नेण्यासाठी कोणी खांब किंवा बीम फोडला असेल तर सोसायटीच्या बैठकीत विषय काढाच. लोक नाकं मुरडतील, मुरडू देत. नवीन बांधकाम चालू असेल तर सेंट्रिंगवाल्याकडे जाऊन खांबाच्या रिंगा बघा. रिंगेची टोकं काटकोनात संपलेली नकोत, तर आत खांबाच्या पोटात 135 अंशात वळवलेली हवीत. नाहीतर हादऱ्यात रिंग उघडते आणि उभी सळई बाहेर फुगते. काँक्रीट ओतल्यावर हे कोणाला दिसत नाही, म्हणून आधी बघायचं.

घरात काम सोपं आहे. लोखंडी कपाट वरच्या बाजूला एल पट्टीने भिंतीला आवळा. भिंत मातीची असेल तर स्क्रू धरत नाही, मग कपाट पलंगापासून दूर सरकवा. पोटमाळ्यावरची पितळी भांडी, स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या वरच्या खणातल्या लोणच्याच्या चिनी बरण्या हे सगळं खालच्या खणात. उशाशी जड फोटो नको.

हादरा बसला तर पक्क्या इमारतीत धावू नका. भक्कम टेबलाखाली शिरा, डोकं झाका, टेबलाचा पाय धरा. लिफ्ट नाही, जिनाही नाही. दगड-मातीच्या घरात तळमजल्यावर, दाराशीच असाल तर मात्र बाहेर मोकळ्यात या. जुन्या पेठांच्या अरुंद गल्लीत भिंतीलगत उभं राहू नका, कठडे तिथेच पडतात.

थांबल्यावर आधी चप्पल घाला, काचा असतात. मग गॅसचा रेग्युलेटर आणि मेन स्विच बंद करा. वास येत असेल तर काडी ओढू नका आणि कुठलंच बटण दाबू नका, मेन स्विचसुद्धा नाही. खिडक्या उघडून बाहेर पडा. तडे गेलेल्या घरात लगेच परतू नका, मागून आणखी धक्के येतात. मदतीला 112, रुग्णवाहिकेला 108.

फोन लागतीलच असं नाही, म्हणून भेटायची जागा आधीच ठरवा. आमची ठरली आहे: जवळचं शाळेचं मैदान, झेंड्याच्या खांबाशी. आजीला एवढं चालवणार नाही, तेव्हा तिची खुर्ची कोण उचलणार यावर घरात अजून वाद चालू आहे.