टपावरची मऊ बॅग: लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी या चुका टाळा

डिकीत सामान मावेनासे झाले की गाडीच्या टपावर बांधायची मऊ बॅग हा सर्वांत सोपा पर्याय वाटतो. कठीण कवचाच्या रूफ बॉक्सपेक्षा ती बरीच स्वस्त आणि हलकी असते, प्रवास संपला की गुंडाळून कपाटात ठेवता येते आणि एका गाडीवरून दुसरीवर सहज नेता येते. या सोयीमुळेच तिच्याकडे केवळ एक मोठी पिशवी म्हणून पाहिले जाते आणि बहुतेक तक्रारींची सुरुवात तिथूनच होते. बॅग सामान झाकते. सामान जागेवर धरून ठेवण्याचे काम पट्टे करतात, आणि पट्ट्यांचा सगळा ताण शेवटी टपावरच्या आडव्या दांड्यांवर किंवा दाराच्या चौकटीवर येतो. खरेदी करताना मात्र कापड किती जाड आहे आणि बॅग किती लिटरची आहे एवढेच विचारले जाते. पट्टे कुठे अडकणार, हा प्रश्न निघण्याच्या दिवशी सकाळी पडतो.

टपाची क्षमता न पाहता सामान चढवणे

टपावर जास्तीत जास्त किती भार चालेल, याचा आकडा गाडीसोबत मिळणाऱ्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. पुष्कळशा प्रवासी गाड्यांच्या बाबतीत तो ५० ते ७५ किलोंच्या दरम्यान असतो. काही गाड्यांना याहून कमी, तर काही मोठ्या गाड्यांना अधिक भार चालतो. हा आकडा केवळ सामानाचा नसतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मर्यादा ५० किलोंची असेल, क्रॉसबारचे म्हणजे टपावरच्या आडव्या दांड्यांचे वजन ५ किलो आणि रिकाम्या बॅगेचे ४ किलो असेल, तर सामानासाठी ४१ किलोच उरतात. शिवाय क्रॉसबारची आणि बॅगेची स्वतःची वेगळी मर्यादा असते. या तिन्हींपैकी जी सर्वांत कमी असेल, तीच पाळावी लागते. उभ्या गाडीच्या टपावर तंबू लावण्यासाठी काही ठिकाणी याहून मोठा आकडा दिलेला असतो. तो चालत्या गाडीला लागू होत नाही.

४०० लिटरची बॅग घेतली म्हणजे ती काठोकाठ कशानेही भरता येते, असा समज करून घेऊ नये. लिटर जागा सांगतात, वजन नव्हे. पांघरुणे, जाकिटे, झोपण्याच्या पिशव्या, कपडे असे जागा खाणारे पण हलके सामान टपावर जावे. पाण्याचे कॅन, अवजारे, पुस्तके, स्वयंपाकाची भांडी डिकीत किंवा मागच्या सीटच्या पायाशी राहावीत. टपावर वजन वाढले की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो, वळणावर गाडी अधिक कलते आणि आडव्या वाऱ्यात स्टिअरिंगवर त्याचा परिणाम जाणवतो. सामान तोलण्याचा साधा हुकाचा काटा घरी असेल, तर प्रत्येक नग चढवण्याआधी तोलून त्याचे वजन कागदावर लिहावे. अंदाज जवळजवळ नेहमीच कमी निघतो.

शोभेच्या रेलला पट्टा बांधणे

या लेखातील एकच गोष्ट वाचायला वेळ असेल, तर ही वाचावी. अनेक गाड्यांच्या टपावर दोन्ही बाजूंना लांब रेल दिसतात, परंतु त्या सर्वच भार पेलण्यासाठी बसवलेल्या नसतात. काही रेल केवळ दिसण्यासाठी असतात आणि क्लिपांवर किंवा चिकटपट्टीवर टिकलेल्या असतात. अशा रेलला बॅग बांधली, तर गाडी उभी असताना सगळे घट्ट आणि पक्के वाटते. वेग वाढला आणि वारा बॅगेला खालून उचलू लागला की रेलसह बॅग उखडण्याचा धोका निर्माण होतो. हाताने हलवून पाहणे ही खात्रीची परीक्षा नव्हे. मॅन्युअलमध्ये रेलचा उल्लेख भारासह केलेला आहे का, हे पाहावे. तसा उल्लेख नसेल किंवा त्यावर सामान बांधू नये असे स्पष्ट लिहिले असेल, तर त्या रेल नाहीतच असे समजून पुढची योजना करावी.

ज्या गाड्यांना रेलच नाहीत, त्यांच्यासाठी दाराच्या चौकटीत अडकवायचे हुक मिळतात. दार उघडून रबरी बीडिंग थोडे बाजूला केले की पत्र्याची एक अरुंद कड दिसते. हुक त्या कडेवर बसतो आणि दार बंद केल्यावर तिथेच अडकून राहतो. बीडिंगवरच हुक टेकवणे ही इथली नेहमीची चूक आहे, कारण रबर दबते, हुक निसटतो आणि पट्टा एकाएकी सैल पडतो. हुकाऐवजी पट्टे दारांतून आत घेऊन छताखालून बांधण्याचीही पद्धत आहे. तीत दोन अडचणी आहेत. पावसात पाणी पट्ट्याच्या विणीतून झिरपत आत येते आणि सीटवर ठिबकते; तसेच ज्या गाड्यांच्या छताच्या कडेला पडदा एअरबॅग असतात, त्यांत हा पट्टा एअरबॅग उघडण्याच्या वाटेत येतो. अशा गाडीसाठी क्रॉसबार बसवून घेणे हाच योग्य मार्ग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बॅगेवर वाचवलेले पैसे तिथे खर्च झाले तरी चालतील. टपावर काचेचे मोठे छत असेल, तर बॅगेचा भार थेट काचेवर टाकू नये आणि बॅग वर असेपर्यंत सनरूफ उघडू नये.

बॅग जमिनीवर भरून मग वर चढवणे

भरलेली बॅग दोघांनी उचलून टपावर ढकलली की तिचा तळ पत्र्यावर घासत जातो आणि शिलाईवर नको तिथे ताण येतो. आधी टप धुऊन कोरडा करावा. पत्रा आणि बॅग यांच्यामध्ये अडकलेली बारीक वाळू प्रवासभर पॉलिश पेपरचे काम करते आणि नंतर रंगावर दिसणारे ओरखडे बॅगेचे नसून त्या वाळूचे असतात. मग न घसरणारी जाळीदार मॅट अंथरून त्यावर रिकामी बॅग पसरावी, पट्टे सैलसर अडकवून घ्यावेत आणि सामान एकेक करून आत ठेवावे. मॅट बॅगेच्या बाहेर डोकावता कामा नये, नाहीतर तिची मोकळी कड वाऱ्याने फडफडते. प्रवास संपल्यावर ती टपावर तशीच ठेवू नये. उन्हात तापलेल्या काही मॅट रंगावर डाग सोडतात.

वजनदार नग मध्यभागी, दोन क्रॉसबारच्या दरम्यान आणि तळाशी ठेवावेत. हलके आणि दबणारे सामान पुढच्या बाजूला ठेवले, तर बॅगेचे तोंड उतरते होते आणि वारा वरून सरकून जातो. कडक कोपऱ्यांच्या सुटकेस आत भरू नयेत, कारण पट्टा आवळला की तो कोपरा आतून कापडावर दाबला जातो आणि प्रवासभराच्या कंपनाने तिथे भोक पडते. तंबूच्या काठ्या किंवा तत्सम लांब वस्तू नेणे भाग असेल, तर त्यांची टोके टॉवेलमध्ये गुंडाळावीत. सामान भरून झाल्यावर डिकीचे दार पूर्ण उघडून पाहावे. हॅचबॅक गाड्यांमध्ये ते वर येऊन बॅगेला धडकू शकते. टपाच्या मागच्या टोकाला अँटेना असेल, तर बॅग तिच्या पुढेच थांबली पाहिजे.

अर्धी भरलेली बॅग पूर्ण भरलेल्या बॅगेपेक्षा अधिक त्रास देते. सैल कापडात वारा शिरला की ते सतत आपटत राहते, चेनचे टाके उसवतात आणि पट्टे ढिले पडतात. सामान कमी असेल, तर बॅगेवरच दिलेले दाबपट्टे वापरून ती लहान करावी किंवा उशा आणि पांघरुणे घालून पोकळी भरून काढावी.

पट्टे फक्त आडवे बांधणे

डावीकडून उजवीकडे जाणारे पट्टे बॅगेला खाली दाबून ठेवतात, पण पुढे सरकण्यापासून पुरेसे रोखत नाहीत. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक लावला, तर गाडीचा वेग गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे ०.८ पट दराने उतरू शकतो. त्या क्षणी ४० किलोंचे सामान सुमारे ३२ किलो वजनाइतक्या जोराने पुढे ढकलले जाते आणि त्याला अडवायला पुढे-मागे ओढ घेणारे पट्टे नसतील, तर बॅग समोरच्या काचेवर येऊ शकते. म्हणून बॅगेच्या पुढच्या कड्या मागच्या दिशेने आणि मागच्या कड्या पुढच्या दिशेने क्रॉसबारला बांधाव्यात.

ताणल्या जाणाऱ्या रबरी दोऱ्या मुख्य बांधणीसाठी कधीही वापरू नयेत. वाऱ्याने त्या ताणतात आणि बॅग उचलली जाते. पट्टा नायलॉनचा आहे की पॉलिएस्टरचा, हेही विचारून घ्यावे, कारण नायलॉन भिजल्यावर अधिक ताणते, तर पॉलिएस्टर पुष्कळ अंशी आपली लांबी टिकवते. दातेरी रॅचेट बकलने फार जोर लावता येतो आणि नेमके तेच इथे नको असते: त्याने रेल वाकतात, पत्रा दबतो, बॅगेचे टाके तुटतात. दाबून धरणारे साधे कॅम बकल आणि हाताची ओढ या कामाला पुरेशी आहे. बकल रंगवलेल्या पत्र्यावर टेकणार नाही, अशा जागी ठेवावे. पट्ट्याचे उरलेले शेपूट मोकळे सोडल्यास ते रंगावर चाबकासारखे आपटत राहते. ते दुमडून पट्ट्याखाली खोचावे आणि वर गाठ मारावी.

एवढे करूनही पट्टे थोडे ढिले पडतातच, कारण गाडीच्या हादऱ्यांनी आतले सामान बसते. पहिल्या २० ते ३० किलोमीटरनंतर थांबून प्रत्येक पट्टा पुन्हा ओढावा आणि त्यानंतर प्रत्येक थांब्यावर हात फिरवून पाहावे. पावसानंतर ही तपासणी चुकवू नये.

टपावरून घरघर ऐकू येणे

विशिष्ट वेगाला टपावरून एकसुरी घरघर सुरू होते आणि वेग बदलला की तिचा सूर बदलतो. अनेकांना हा गाडीतील बिघाड वाटतो. प्रत्यक्षात सपाट, ताणलेला पट्टा वाऱ्यात थरथरत असतो. पट्ट्याचा जो भाग हवेत अधांतरी आहे, त्याला बांधण्यापूर्वी एक-दोन अर्धे पीळ द्यावेत. वारा सलग सपाट कडेवर येईनासा झाला की थरथर थांबते. आवाज घरघरीचा नसून थडथड असा येत असेल, तर बॅगेचा एखादा भाग सैल आहे किंवा पट्ट्याचे शेपूट सुटले आहे. बारीक शिटी ऐकू येत असेल, तर ती बहुधा क्रॉसबारच्या उघड्या खाचेतून येते. त्या खाचेत रबराची पट्टी बसवावी.

वॉटरप्रूफ या शब्दावर विसंबणे

कापडातून पाणी आत येत नाही, असे उत्पादकाने सांगितले तरी ते कापडापुरते खरे असते. पाणी आत येते ते चेनमधून आणि शिलाईच्या भोकांतून. १०० किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या गाडीवर पाऊस वरून पडत नाही, तो समोरून जोराने मारला जातो. त्यामुळे चेनचे तोंड मागच्या बाजूला राहील अशीच बॅग ठेवावी, दोन्ही धावके पुढच्या कोपऱ्यात भेटवू नयेत आणि चेनवरची झडप पूर्ण लांबीभर चिकटवलेली आहे, याची बोटाने चाचपून खात्री करावी. शिवलेल्या बॅगेपेक्षा उष्णतेने जोडलेल्या सांध्यांची बॅग पावसात अधिक भरवशाची असते, पण तिचीही चेन हा कच्चा दुवाच राहतो. कपडे आणि अंथरूण जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून मगच आत ठेवावे. निघण्यापूर्वी बॅग बांधून पाण्याची नळी समोरून दहा मिनिटे मारून पाहिली, तर गळती कुठे आहे ते घरीच कळते.

औषधे, लॅपटॉप, पॉवर बँक, गॅसचे डबे आणि फवाऱ्याचे कॅन टपावर ठेवू नयेत. उन्हात बंद बॅगेचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा बरेच वर जाते. मौल्यवान वस्तूंचाही प्रश्न येत नाही, कारण चेनला कुलूप लावले तरी कापड ब्लेडने कापता येते.

वेग आणि उंची विसरणे

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरऐवजी १०० किलोमीटर वेग धरला, तर बॅगेवरचा वाऱ्याचा जोर सुमारे दीडपट होतो आणि १२० ला तो सव्वादोन पटींपर्यंत जातो. इंधनाचा वाढलेला खर्च आणि पट्ट्यांवरचा ताण या दोन्हींचे मूळ इथेच आहे. बॅगेच्या उत्पादकाने सांगितलेला वेग ओलांडू नये, आणि जोराचा आडवा वारा असेल तेव्हा त्याहूनही खाली यावे. टायरमधील हवा भरलेल्या गाडीसाठी सांगितलेल्या दाबाइतकी असावी.

सामान बांधून झाल्यावर जमिनीपासून बॅगेच्या माथ्यापर्यंतची उंची टेपने मोजून स्टिअरिंगजवळ कागदावर लिहून चिकटवावी. तळघरातील पार्किंगच्या तोंडाशी असलेल्या पाटीवरचा आकडा पाहून तेव्हाच निर्णय घेता येतो, मागे वाहनांची रांग लागल्यावर नव्हे.

परतल्यावर बॅग ओली गुंडाळणे

मुक्कामी पोहोचून सामान उतरवल्यावर रिकामी बॅग टपावर ठेवून फिरू नये. घरी परतल्यावर ती सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून, आतून उलगडून सावलीत पूर्ण वाळवावी; ओली गुंडाळली तर काही दिवसांतच बुरशीचा वास धरते आणि आतला लेप सुटू लागतो. घडी घालण्यापेक्षा ती सैल गुंडाळावी, कारण त्याच त्या घडीवर लेप तडकतो. चेन अडखळत असेल, तर दातांमधील माती जुन्या टूथब्रशने काढून त्यावर मेणबत्ती घासावी. पुढच्या प्रवासाआधी कड्या जिथे शिवल्या आहेत, त्या जागा नखाने उचकटून पाहाव्यात. उन्हाने पट्टे फिके आणि खरखरीत झाले असतील किंवा त्यांच्या कडांचे धागे सुटू लागले असतील, तर बॅग चांगली असली तरी पट्टे नवे घ्यावेत.