जुन्या लष्करी बोल्ट-ॲक्शन रायफली चालवताना या चुका टाळा

मौझर, ली-एनफिल्ड, मोझिन-नागांत या रायफलींची यंत्रणा साधी आणि दणकट, वजनही भरपूर, त्यामुळे धक्का सोसवतो. नळी शाबूत असेल तर नेमही चांगला लागतो. त्या बिघडतात त्या बहुतेक वेळा मालकाच्या घाईमुळे.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते साफसफाईत. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये (बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीत) बहुधा पोटॅशियम क्लोरेट असतं. बार झाला की नळीत पोटॅशियम क्लोराइड उरतं. हे मीठच आहे, हवेतला ओलावा ओढून घेतं आणि तेलात विरघळत नाही. नवखा माणूस रेंजवरून येतो, तेलाची चिंधी फिरवतो, चिंधी स्वच्छ निघते आणि रायफल कपाटात जाते. हवा दमट असेल तर काही दिवसांतच नळीत तांबूस थर दिसतो. तो खरवडला की खाली खड्डे, आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. अमोनिया मीठ मारतो हा गैरसमज आहे. काम पाणीच करतं. बोल्ट (मागून नळी बंद करणारा, हाताने मागेपुढे सरकणारा दांडा) काढा, चेंबरकडून (नळीत काडतूस बसतं त्या बाजूने) नरसाळ्याने अर्धा-एक लिटर कडकडीत पाणी ओता. बोल्टचं तोंड आणि फायरिंग पिनही धुवा. कोरड्या चिंध्या फिरवा, मगच तेल लावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक चिंधी फिरवून बघा. हे काम उद्यावर टाकू नका.

दुसरी चूक ली-एनफिल्डची. नंबर 1 मार्क 3 चा मागचा दस्ता सैल वाटला म्हणून लोक थेट तो दस्ता आवळणारा लांब स्क्रू फिरवतात. त्या स्क्रूचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. फिरवलं की लाकूड तडकतं. आधी पुढचं लाकूड उतरवा. एवढा धीर नसेल तर स्क्रूड्रायव्हर हातात घेऊच नका.

नळी बंद करणारा बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असेल तर हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचं तोंड आणि काडतूस जिथे टेकतं त्यातलं अंतर, गेजने तपासल्याशिवाय गोळी झाडू नये. .303 (ली-एनफिल्डचं काडतूस) साठी लष्करी मर्यादा 0.064 ते 0.074 इंच. रिकाम्या काडतुसाच्या बुडाजवळ चकाकती रेघ दिसली, तर ते तिथेच तुटायच्या बेतात आहे. ली-एनफिल्डचं चेंबरच ऐसपैस असल्याने माप बरोबर असूनही काडतूस ताणतं, म्हणून तीच तीच रिकामी काडतुसं पुन्हा दारू-गोळी घालून वापरू नका.

1903 स्प्रिंगफिल्ड या अमेरिकी रायफलीचा क्रमांक 8,00,000 च्या खालचा असेल, किंवा रॉक आयलंड कारखान्यात बनलेल्या तिच्याच क्रमांक 2,85,507 च्या खालचा, तर ती भिंतीवरच ठेवा. त्यांच्या रिसीव्हरचं (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याचं) पोलाद ठिसूळ निघालं आहे.

.303 काडतुसं मॅगझिनमध्ये भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाच्या बुडाची कड खालच्याच्या पुढे हवी, नाहीतर अडकतं.

गेवेर 98 या जर्मन मौझरची मागची साइट (नेम धरायची खाच) 400 मीटरपासून सुरू होते. 100 मीटरवर गोळी वर जाते म्हणून साइट घासू नका. उंच पुढची साइट बसवा, किंवा खाली नेम धरा.

चाप ओढला आणि बार झाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबा. मगच बोल्ट उघडा.