तक्ता पानाबाहेर का जातो: वर्डमध्ये रकान्यांची रुंदी मापून बांधण्याची रीत

काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागायतदारांची यादी करायची आहे असं समजा. रकाने सात: अ.क्र., शेतकऱ्याचे नाव, मौजा, खसरा क्र., क्षेत्र, झाडे, शेरा. नावं दोनशे. शंभराव्या नावापर्यंत सगळं सरळ चालतं. मग कुणाच्या तरी शेऱ्यात सलग लांब खाते क्रमांक येतो आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नावाचा रकाना आक्रसतो. एका ओळीत मावणारी नावं दोन ओळींची होतात, सहा पानांची यादी नऊ पानांवर जाते. रेघ माऊसने मागे ओढली तर ती थोडा वेळ जागेवर राहते आणि पुढचा मजकूर टाइप होताच पुन्हा सरकते.

हे होतं कारण साध्या पद्धतीने तक्ता घातला की 'मजकुरानुसार रकाना रुंद कर' ही खूण वर्ड स्वतःच चालू ठेवतो. ती चालू असेपर्यंत तुम्ही दिलेलं माप म्हणजे नुसती विनंती. चालतं ते मजकुराचंच. त्यात शेऱ्यासारखा रकाना सलग, जागा न सोडता लिहिलेल्या आकड्यांनी फुगला की तो शेजारच्यांची जागा खातो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी कागद, मग तक्ता, मग रकाने. माऊस सगळ्यांत शेवटी.

कागदाचं गणित

लेआउट टॅबमधल्या साइझमध्ये कोणता कागद निवडलेला आहे ते पहिल्यांदा पाहा. कित्येक संगणकांवर तिथे लेटर असतो आणि छापायला मात्र ए४ घातला जातो. लेटर २१.५९ सेमी रुंद, ए४ २१ सेमी. दोन्हीकडे २.५४ सेमीचा समास सोडला तर लेटरवर मजकुराला १६.५१ सेमी मिळतात आणि ए४वर १५.९२. फरक ५.९ मिलिमीटरचा. लेटरवर बांधलेला तक्ता कागद बदलल्यावर आपोआप लहान होत नाही, रकान्यांची मापं तीच राहतात आणि उजवी रेघ समासात घुसते. नागपूरच्या बर्डीवरच्या झेरॉक्सच्या दुकानात ऐनवेळी 'उजवीकडचं कापलं जातंय' असं ऐकावं लागतं, त्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं.

कागद आडवा केला की ए४वर २४.६२ सेमी मिळतात. सात रकान्यांच्या यादीला उभा कागद पुरतो, दहाच्या पुढे रकाने गेले तर आडव्याचाच विचार करा. अक्षर बारीक करून दहा रकाने उभ्या कागदावर कोंबलेली यादी पटवारी कार्यालयात कुणाला वाचता येत नाही. कागद भोकं पाडून नस्तीला लागणार असेल तर डावा समास ३.५ सेमी धरा, मग उभ्या ए४वर १४.९६ सेमी उरतात. हा आकडा आधीच धरला नाही तर अनुक्रमांक दोऱ्याखाली जातो.

मापं इंचांत दिसत असतील तर फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड असं जा. खाली डिस्प्लेच्या भागात 'शो मेजरमेंट्स इन युनिट्स ऑफ' आहे, तिथे सेंटिमीटर्स निवडा.

रकान्यांना जागा वाटून देणे

१५.९२ सेमी सात जणांत वाटायचे आहेत. आधी ज्यांचा मजकूर ठरलेल्या लांबीचा आहे त्यांना द्या: अ.क्र. १.४, खसरा क्र. १.६, क्षेत्र १.८, झाडे १.५. झाले ६.३. उरलेल्या ९.६२ मधून नावाला ४.५ आणि मौजाला २.५ द्या. शेऱ्याला २.६२ राहतात. बेरीज करून पाहा, बरोबर १५.९२ भरते. ही बेरीज खरोखर कागदावर करा. इथे अर्धा सेंटिमीटर जास्त झाला तर तो पुढे समासात दिसणारच आहे.

अनुक्रमांकाला १.४ जास्त वाटेल, पण प्रत्येक चौकटीत डावी-उजवीकडे ०.१९ सेमीची मोकळी जागा वर्ड आधीच सोडतो. म्हणजे १.४च्या रकान्यात मजकुराला १.०२ सेमीच मिळतात. रकाना १.२चा केला तर उरतात ०.८२, आणि ठळक अक्षरांत १२ पॉइंटचं 'अ.क्र.' त्यात मावेलच असं नाही. 'अ.' वर आणि 'क्र.' खाली असं तुटलेलं शीर्षक याच कारणाने दिसतं. खालचे तीन आकडी क्रमांक नीट बसतात आणि शीर्षकच तुटतं, म्हणून अरुंद रकान्याचं माप शीर्षकावरून ठरवायचं.

झाडांचा रकानाही असाच तपासा. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या संत्र्याची हेक्टरी २७७ झाडं बसतात, तेव्हा दोन-तीन हेक्टरच्या बागेचा आकडा तीन आकडीच राहतो. चार हेक्टरला मात्र तो हजाराच्या पुढे जातो. चार आकडे आणि शीर्षक मावेल एवढं माप ठेवा. क्षेत्राचे आकडे सगळे दोन दशांशांपर्यंत लिहा (०.८१, १.२०) आणि उजवीकडे लावा, म्हणजे दशांशचिन्हं एकाखाली एक येतात.

आता वर्डमध्ये

तक्त्यात कुठेही क्लिक करा. वरच्या पट्टीत तक्त्याचा लेआउट टॅब येतो, नव्या आवृत्त्यांत त्याला टेबल लेआउट म्हणतात. त्यात ऑटोफिट आहे, ते उघडून 'फिक्स्ड कॉलम विड्थ' निवडा. मग तक्त्यावर उजवं क्लिक करून टेबल प्रॉपर्टीज उघडा. टेबल टॅबमधल्या ऑप्शन्समध्ये 'ऑटोमॅटिकली रिसाइझ टू फिट कंटेंट्स' ही खूण निघालेली आहे ना, याची खात्री करा. सगळ्या भानगडीचं मूळ ही एक खूण आहे.

त्याच टेबल टॅबमधली 'प्रिफर्ड विड्थ'ची खूणही काढा. तक्त्याची वेगळी रुंदी आणि रकान्यांची वेगळी बेरीज अशी दोन मापं एकाच तक्त्यावर ठेवायची नाहीत. नंतर कॉलम टॅबमध्ये या, 'मेजर इन' पुढे सेंटिमीटर्स निवडा, पहिल्या रकान्याचं माप लिहा आणि नेक्स्ट कॉलम दाबत एकेक माप भरत जा. सातही झाल्यावरच ओके.

उलट गरजही पडते. तोच तक्ता कधी उभ्या, कधी आडव्या कागदावर जाणार असेल तर सेंटिमीटर बांधून ठेवणं त्रासाचं. तेव्हा ऑटोफिटमधलं 'ऑटोफिट विंडो' निवडा, तक्ता दोन समासांमधली पूर्ण जागा धरतो आणि कागद बदलला की स्वतःला जुळवून घेतो. 'ऑटोफिट कंटेंट्स' मात्र चार-पाच ओळींच्या छोट्या तक्त्यापुरतंच वापरा.

रेघ ओढताना

मापं बसवल्यावर थोडंफार इकडेतिकडे करायला माऊस चालतो, पण कोणती कळ दाबून ओढतो यावर सगळं अवलंबून आहे. नुसती रेघ ओढली तर दोन शेजारी रकान्यांत जागेची देवाणघेवाण होते, तक्ता तेवढाच राहतो. शिफ्ट दाबून ओढली तर फक्त डावीकडचा रकाना बदलतो, उजवीकडचे सगळे आपापलं माप घेऊन सरकतात आणि तक्ताच लहान-मोठा होतो. पानाबाहेर गेलेले कितीतरी तक्ते असेच गेलेले असतात. कंट्रोल दाबून ओढली तर उजवीकडचे सगळे रकाने प्रमाणात बदलतात आणि तक्ता जागेवर राहतो. ऑल्ट दाबून ओढताना वरच्या पट्टीवर सेंटिमीटरचे आकडे दिसतात, ही सवय लावून घ्यावी अशीच.

एक चूक फार नकळत होते. ओढण्याआधी एखादी चौकट निवडलेली राहिली असेल तर पूर्ण रकान्याची रेघ हलत नाही, तेवढ्या चौकटीचीच हलते. मधूनच एखादी ओळ पायरीसारखी पुढे आलेली दिसते. लगेच कंट्रोल झेड दाबा. उशिरा लक्षात आलं तर पूर्ण रकाना निवडा (रकान्याच्या वरच्या काठावर काळा बाण येतो तेव्हा क्लिक करून) आणि तक्त्याच्या लेआउट टॅबमधल्या विड्थच्या चौकटीत माप पुन्हा लिहा. आधी कुठे चौकटी जोडल्या असतील तर रकाना सरळ निवडलाच जात नाही. म्हणून 'क्षेत्र' आणि 'झाडे' यांवर एक सामाईक शीर्षक हवं असेल तर ती जोडणी सगळी मापं बसल्यानंतर करा.

एवढं करूनही बिघडतं तेव्हा

झाडांच्या रकान्यात २२४ हा आकडा मधेच तुटून खालच्या ओळीवर गेलेला दिसतो, आणि रकाना तर १.५ सेमीचा आहे. रकान्याला हात लावू नका, परिच्छेद तपासा. पत्राच्या मजकुरासाठी पहिल्या ओळीला १.२७ सेमी जागा सोडलेली असेल तर तीच मांडणी चौकटीतही येते. आत उरलेले १.१२ सेमी, त्यातून १.२७ जाणार कुठून? रकाना निवडून कंट्रोल क्यू दाबा. नाही गेलं तर पॅराग्राफच्या खिडकीत 'स्पेशल' पुढे 'नन' निवडा.

एक्सेलमधून उचलून चिकटवलेला तक्ता एक्सेलचीच मापं घेऊन येतो. उजवी कडा कागदाच्या बाहेर, पकडायला रेघच दिसत नाही. आधी ऑटोफिट विंडो करा, तक्ता समासांच्या आत येईल. मग फिक्स्ड कॉलम विड्थ, मग मापं. ओळींच्या उंचीचे आकडेही सोबत येतात, ते रो टॅबमधल्या 'स्पेसिफाय हाइट'ची खूण काढून घालवा. उंची 'एक्झॅक्टली'वर असेल तर देवनागरीत ते फारच वाईट दिसतं: वरची वेलांटी कापली जाते, खालचा उकार अर्धाच उरतो. उंची द्यायचीच असेल तर 'ॲट लीस्ट' द्या.

जुन्या फाइलमध्ये, वर 'कंपॅटिबिलिटी मोड' लिहिलेलं असतं तिथे, मजकूर समासाशी जुळवला जातो आणि तक्त्याची डावी रेघ ०.१९ सेमी बाहेर राहते. टेबल टॅबमध्ये 'इंडेंट फ्रॉम लेफ्ट' ०.१९ करा, रेघ समासावर येते.

फॉन्टचं प्रकरण मराठीत जास्त छळतं. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं की मुंबईच्या संगणकावर केलेल्या फाइली नागपुरात उघडल्या जातात, इथल्या तिकडे जातात, आणि विवरणपत्रांचे तक्ते विस्कटतात. कोकिळा, उत्साह, अपराजिता ही अक्षरं त्याच पॉइंटला मंगल किंवा निर्मलापेक्षा बारीक दिसतात. विंडोज १०मध्ये कोकिळा आणि मंगलसुद्धा वेगळे घालावे लागतात, निर्मला तेवढा आधीपासून असतो. त्यामुळे कोकिळा १४मध्ये नेमकी मावणारी नावं दुसरीकडे दोन ओळींवर जातात. मापं बांधलेली असतील तर निदान रेघा हलत नाहीत, फक्त ओळी वाढतात. पक्का उपाय: फाइल, ऑप्शन्स, सेव्हमध्ये 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' चालू करा आणि नुसतं छापायचंच असेल तर पीडीएफ पाठवा. श्री-लिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेली यादी तर आधी युनिकोडमध्ये आणा, मगच रुंदीच्या मागे लागा.

शीर्षकाची ओळ प्रत्येक पानावर हवी असेल तर ती निवडून 'रिपीट हेडर रोज' दाबा. तरी येत नसेल तर टेबल टॅबमध्ये टेक्स्ट रॅपिंग 'अराउंड' असेल, ते 'नन' करा.

लिब्रे ऑफिस आणि गूगल डॉक्स

लिब्रे ऑफिस रायटरमध्ये टेबल मेनूतून प्रॉपर्टीज उघडलं की रुंदीची चौकट फिकट दिसते आणि आकडा घेत नाही. ती बिघडलेली नाही. अलाइनमेंट 'ऑटोमॅटिक'वर आहे तोवर तक्ता समासापासून समासापर्यंत बांधलेला असतो. 'लेफ्ट' किंवा 'सेंटर' करा, चौकट उघडेल. रकान्यांची मापं कॉलम्स टॅबमध्ये भरा. तिथेच 'ॲडॅप्ट टेबल विड्थ' आहे: खूण असेल तर रकाना बदलला की तक्ताही बदलतो, नसेल तर जागा शेजारच्या रकान्यातून घेतली जाते. हाताला सोपं म्हणजे ऑल्ट आणि उजवा-डावा बाण, रेघ थोडी थोडी सरकते.

गूगल डॉक्समध्ये उजवं क्लिक, टेबल प्रॉपर्टीज, कॉलम, आणि 'कॉलम विड्थ'ला खूण करून माप. दोनशे नावांची छापील यादी तिथे करू नये, वर्ड किंवा रायटरइतका ताबा मिळत नाही.

छापताना पीडीएफच्या खिडकीत 'फिट' असेल तर ते बदलून 'ॲक्चुअल साइझ' करा, नाहीतर सगळी मापं थोडी आकसतात. पहिलं एकच पान काढा आणि त्यावर पट्टी ठेवा: २.५४ सेमी समासाच्या उभ्या ए४वर तक्त्याची उजवी रेघ कागदाच्या डाव्या काठापासून १८.४६ सेमीवर यायला हवी. मिलिमीटरभर इकडेतिकडे छपाईयंत्र करतं. त्याहून जास्त फरक दिसला तर उरलेली पानं काढण्याआधी कागदाचा आकार पुन्हा तपासा.