राजेहो, पहिला स्नोबोर्ड घेताना हाइट नाही, वजन सांगा

डिसेंबर लागला की आपल्याकडची पोट्टे गुलमर्गचे स्नोबोर्डिंगचे, म्हणजे एका फळीवर दोन्ही पाय बांधून बर्फावरून घसरायचे, रील बघून पेटतात आणि मग पहिला प्रश्न ठरलेला, "माझी हाइट पाच-नऊ, बोर्ड किती सेंटीमीटरचा घेऊ?" आता हाइट सांगून अर्धंच काम होते. बोर्ड वाकतो तो तुमच्या वजनानं, आणि वाकला तरच त्याची कडा बर्फ धरून वळते. त्यामुळे पाच-नऊचा 58 किलोचा हडकुळा पोरगा आणि पाच-नऊचाच 88 किलोचा सावजी-प्रेमी, दोघांना एकच बोर्ड कसा चालेल? हलक्या माणसाला लांब बोर्ड दिला तर तो वाकतच नाही, नुसता सरळ पळतो. वजनदार माणसाला आखूड दिला तर मऊ बर्फात पुढचं टोक रुतते आणि जरा स्पीड आला की थरथरते.

अंदाज म्हणून सांगतो, 55 किलोच्या आसपास असाल तर 142 ते 148 सेंटीमीटर, 65 ला 147 ते 153, 75 ला 152 ते 158, 85 ला 156 ते 162. शिकाऊ माणसानं यातला खालचा आकडा धरायचा, आखूड बोर्ड वळवायला सोपा पडते. पण प्रत्येक कंपनी त्या-त्या बोर्डाचा वेगळा वजनाचा तक्ता देते, शेवटचा शब्द त्याचा. बोर्ड उभा करून हनुवटी ते नाक यांच्या मधात आला पाहिजे हा जुना हिशोब मध्यम अंगाच्या माणसाला बऱ्यापैकी लागू पडते, बाकीच्यांना नाही. आणि एक-दोन सेंटीमीटरसाठी रात्रभर जागून फोरम वाचत बसू नका, तेवढ्यानं काही बिघडत नाही.

खरा घोळ होते तो रुंदीत, अन् तिकडे कोणी बघतच नाही. बूट बोर्डाच्या कडेबाहेर थोडासा येणं, म्हणजे दोन्हीकडून एक-दोन सेंटीमीटर, हे चालते. त्याच्यापेक्षा जास्त आला की वळताना बोटं बर्फात घासतात आणि तुम्ही तोंडावर. म्हणून नागपुरात सीताबर्डीच्या दुकानात बुटाचा जो नंबर मागता तो इथे जसाच्या तसा टाकू नका. आपला नंबर यूके मापाचा असते, स्नोबोर्डचे तक्ते बहुतेक अमेरिकन मापाचे, पुरुषांमध्ये अमेरिकन नंबर आपल्यापेक्षा साधारण एकनं जास्त. सगळ्यात सोपं म्हणजे भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहा, सगळ्यात लांब बोटाशी खूण करा, मोजा. 27 सेंटीमीटर आलं तर बुटावर 27 किंवा 270 लिहिलेलं शोधा, विषय संपला. यूके 10 किंवा वर पाय असेल तर वाइड बोर्ड बघा. पाय लहान असेल तर उलट, रुंद बोर्ड एका कडेवरून दुसऱ्या कडेवर न्यायला जड जाते, बायकांचे बोर्ड अरुंद असतात ते त्याच्याचसाठी.

यावरून कळलंच असेल, बूट आधी घ्यायचे, बोर्ड नंतर. पैसे कमी असतील तर सगळे बुटावर घाला आणि बोर्ड भाड्यानं घ्या. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजे, गुडघे वाकवले की जराशी मागे सरकली पाहिजे, आणि टाच उचलली नाही गेली पाहिजे. मोज्यांची एकच जोडी घाला, तीपण पातळ. थंडी वाजते म्हणून दोन-दोन मोजे चढवणारे लोक आहेत, त्यानं पाय दाबल्या जाते, रक्त नीट फिरत नाही आणि उलटा गारठते.

मग बोर्डाचा आकार. बाजूनं बघितलं तर मधातून कमानीसारखा उचललेला म्हणजे कॅम्बर, पकड जबरी पण नवख्याला माफ करत नाही. उताराकडची कडा चुकून रुतली की माणूस असा आपटते की क्षणभर कळतच नाही काय झालं. म्हणून पहिला बोर्ड सपाट, नाहीतर टोकांकडे उचललेला रॉकर, नाहीतर दोन्हींची मिसळ असलेला घ्या. फ्लेक्स, म्हणजे बोर्ड किती कडक, दहापैकी दोन ते चार. दोन्ही टोकं सारखी असलेला ट्विन बरा. गुलमर्गात गोरे लोक लांबच लांब, पुढचं टोक मोठं असलेले बोर्ड घेऊन गोंडोलानं, म्हणजे रोपवेनं, वर अफरवट डोंगरावर जातात, ते खोल भुसभुशीत बर्फासाठी, त्याचा मोह नको. तुमचं काम खालच्या उतारावर आहे.

कोणता पाय पुढे? मोजे घालून घरातल्या गुळगुळीत फरशीवर धावत येऊन घसरा, जो पाय आपोआप पुढे जाईल तो तुमचा. डावा पुढे म्हणजे रेग्युलर, उजवा पुढे म्हणजे गूफी. उजव्या हातानं बॅटिंग करता म्हणून रेग्युलरच असाल असं काही नाही. बाइंडिंग म्हणजे बूट बोर्डाला बांधायचे पट्टे, त्यांच्यातलं अंतर खांद्याएवढं, पुढचा पाय 15 अंश बाहेर आणि मागचा उलट्या बाजूला सहा-नऊ अंश, इथून सुरुवात करा, मग गुडघे सांगतील तसं बदला. बाइंडिंग बुटाच्या साइजचीच हवी, आणि घेताना बोर्डाच्या भोकांना तिची डिस्क, म्हणजे स्क्रूनं कसायची चकती, बसते का ते विचारा, काही बोर्डांना भोकांऐवजी लांब खाच असते.

जुना घेत असाल तर खालची बाजू उन्हात तिरपी धरा. फुगवटा दिसला किंवा कडा सुटली असली तर सोडून द्या. वरवरचे ओरखडे चालतात, आतलं लाकूड दिसत असेल तर नाही. बाहेरून मागवाल तर कस्टम ड्युटी आधी जोडून बघा, स्वस्त वाटलेला बोर्ड भलताच महाग होऊन बसते. हेल्मेट आणि रिस्ट गार्ड मात्र पहिल्या दिवसापासून, नवखा माणूस हातावरच पडते.

आणि घरी आणल्यावर गच्चीवरच्या टीनाच्या खोलीत टाकू नका बाप्पा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, टीनाखाली त्याहून जास्त, थरांमधला गोंद कशाला परीक्षेला बसवता? बाइंडिंग काढा, कडा कोरड्या पुसा, खाली वॅक्सचा, म्हणजे मेणाचा, जाड थर द्या आणि खरवडू नका, तो थर कडेवरही येऊ द्या म्हणजे पावसाळ्यात गंज धरत नाही. पलंगाखाली आडवा ठेवा. निघायच्या आठवड्यात खरवडून काढला की झालं.